खोक्यावर फक्त '२ इंच' लिहून भागत नाही: लिफ्ट किट बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना खुले पत्र

सस्पेन्शन लिफ्ट किट बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून गाडी उंच करणाऱ्या तुमच्या किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२ इंच लिफ्ट' छापलेलं असतं. हे दोन इंच कशापासून मोजायचे, ते मात्र कुठेच नसतं. शोरूममधून कालच बाहेर पडलेल्या गाडीला हा प्रश्न फारसा लागू नाही. पण तुमचं किट घेणारा माणूस बहुधा नव्या गाडीचा मालक नसतोच. त्याच्याकडे असते १९९० च्या दशकातली लँड क्रूझर ८०, निसान पॅट्रोल, जीप चेरोकी एक्सजे, पहिल्या पिढीची डिस्कव्हरी, नाहीतर दुसऱ्या पिढीची पजेरो. वॉरंटी कधीच संपलेली, स्प्रिंगा दबून बसलेल्या, सांध्यांतले रबरी बुश तडकलेले, आणि मागच्या तीन मालकांनी काय काय केलं त्याची कुठे नोंद नाही. अशा गाडीला 'दोन इंच' म्हणजे नेमकं किती, हे तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून हे पत्र.

एक हिशेब मांडतो. समजा, तुमची पुढची स्प्रिंग लोखंडी बंपर आणि विंच धरून बनवली आहे, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवर १०० किलो जादा. एकेका स्प्रिंगच्या वाट्याला ५० किलो, साधारण ४९० न्यूटन. स्प्रिंगचा रेट २५ न्यूटन प्रति मिलिमीटर असेल, तर एवढ्या वजनाने ती सुमारे २० मिलिमीटर दबते. आता हीच स्प्रिंग मूळ बंपरच्या गाडीत घातली तर ते २० मिलिमीटर दबायला वजनच नाही. गाडी ५० (म्हणजे दोन इंच) ऐवजी ७० मिलिमीटर उचलली जाते. त्यात जुन्या स्प्रिंगा आधीच ३० मिलिमीटर बसलेल्या असतील, तर मालकाला कालच्यापेक्षा आज गाडी १०० मिलिमीटर उंच दिसते. तो खूश होतो, फोटो काढतो, आणि पुढच्या आठवड्यात स्टिअरिंग हलकं का झालं, गाडी वेगात भरकटते का, म्हणून विचारत फिरतो.

तुम्ही म्हणाल, हे मालकाने बघायचं. बघेल ना, पण कशावरून? पत्रकावर स्प्रिंगचा रेट नाही, मोकळी लांबी नाही, किती वजन गृहीत धरलं ते नाही. अलीकडेच माझ्या हातात आलेल्या एका किटमध्ये चार फोटो छापलेला एकच कागद होता आणि दोन पुढच्या स्प्रिंगांपैकी डावी कुठली, उजवी कुठली याची खूणही नव्हती. दोघींच्या लांबीत बोटभर फरक होता, म्हणजे बनवणाऱ्याने मुद्दाम वेगळ्या केल्या होत्या. डाव्या-उजव्या बाजूचं वजन सारखं नसतं, त्यामुळे अशा वेगळ्या स्प्रिंगा देणं योग्यच आहे. मग एवढं डोकं लावून केलेली गोष्ट एका रंगाच्या ठिपक्याअभावी वाया का घालवायची?

उंची मोजायची तर हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं की त्यात टायर आला, टायरमधली हवा आली, फरशीचा उतार आला. फॅक्टरीच्या उंचीवर हे अंतर किती होतं आणि तुमची स्प्रिंग घातल्यावर, अमुक वजनाला, ते किती व्हायला हवं, एवढे दोन आकडे पुढे-मागे छापलेत तरी निम्मे घोळ मिटतील. कारण गाडीची भूमिती कालच्या बसलेल्या स्प्रिंगेशी बांधलेली नसते. ती फॅक्टरीच्या उंचीशी बांधलेली असते.

आता कॅस्टरबद्दल, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाबद्दल. हा विषय तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही तो का टाळता याचं नवल वाटतं. लँड क्रूझर ८०, पॅट्रोल, जुनी डिस्कव्हरी आणि कॉइल स्प्रिंगची जिम्नी या गाड्यांना पुढे सलग अ‍ॅक्सल आणि रेडियस आर्म आहेत. आर्मचं एक टोक अ‍ॅक्सलला दोन बोल्टांनी घट्ट, दुसरं टोक चॅसिसला बुशवर. चॅसिस वर गेलं की आर्मचं मागचं टोक वर जातं आणि त्याच्यासोबत अख्खा अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला कलतो. आर्म ९०० मिलिमीटरचा धरला तर ५० मिलिमीटरच्या लिफ्टने तो सुमारे ३ अंश फिरतो. या गाड्यांचा मूळ कॅस्टरच ३ अंशांच्या आसपास. म्हणजे साध्या 'दोन इंच' किटने तो जवळजवळ संपतो, आणि वर सांगितलेल्या ७० मिलिमीटरला तर उणे होतो. मग वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, आणि सरळ रस्त्यावर सतत बारीक बारीक सावरत बसावं लागतं.

यावर उपाय आहेत: ऑफसेट बुश, कॅस्टर प्लेट, आर्मचा चॅसिसकडचा कंस खाली घेणं. पण तुमच्या कॅटलॉगमध्ये ते वेगळ्या पानावर, 'अपग्रेड' म्हणून असतात. त्यांना अपग्रेड म्हणू नका. त्यांच्याविना तुमचं किट अर्धवट आहे. आणि कॅस्टर परत आणायला अ‍ॅक्सल मागे फिरवला की पिनियनचं नाक (डिफरन्शियलचं शाफ्टकडचं टोक) खाली जातं, पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (शाफ्ट कोनात फिरू देणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, हेही तिथेच लिहा. साध्या क्रॉसचा वेग प्रत्येक फेरीत कमी-जास्त होत असतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच एकाची घटबढ दुसऱ्यात मिटते. कोन विषम झाले की ठरावीक वेगाला गाडीची फरशी थरथरते. मग मालक टायर बॅलन्स करतो, चाकं फिरवून बघतो, बेअरिंग बदलतो. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार, की ही थरथर त्याने स्वतः विकत आणलेल्या बुशने सुरू केली?

याच पानावर तुम्ही एक स्टिअरिंग डॅम्परही (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकअप) विकता. चांगला असतो, मीही लावला आहे. पण गाडी भरकटण्यावर किंवा पुढची चाकं थडथडण्यावर उपाय म्हणून तो विकू नका. थडथडीमागे बहुतेक वेळा सैल पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा), झिजलेला बॉल जॉइंट, ढिली व्हील बेअरिंग किंवा गेलेला कॅस्टर असतो. डॅम्पर तो दोष काही महिने दाबून ठेवतो, आणि तेवढ्यात रॉडच्या बोल्टचं भोक अंडाकृती होतं.

पॅनहार्ड रॉडचं गणित त्या मानाने सोपं आहे. एक टोक चॅसिसला, दुसरं अ‍ॅक्सलला. गाडी वर गेली की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी घटते आणि अ‍ॅक्सल चॅसिसकडच्या टोकाच्या दिशेने सरकतो. ९०० मिलिमीटरच्या रॉडच्या दोन टोकांत मुळात ५० मिलिमीटरचा उतार असेल, तर ५० मिलिमीटर लिफ्टने अ‍ॅक्सल ४ मिलिमीटर सरकतो, हे चालून जातं. १०० मिलिमीटर लिफ्टने तो ११ मिलिमीटर सरकतो, आणि ते मागे उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. त्यामुळे मोठ्या लिफ्टसोबत लांबी जुळवता येणारा रॉड द्याच. पण नुसता रॉडचा कंस खाली आणून ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) तशीच ठेवायला सांगू नका. ते दोन दांडे समांतर राहायला हवेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. एकाही पत्रकात तो मी ठळकपणे छापलेला पाहिलेला नाही.

यांतल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना मागच्या अ‍ॅक्सलवर वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह चॅसिसवर, आणि त्याला जोडलेली पातळ दांडी किंवा स्प्रिंग अ‍ॅक्सलपर्यंत. गाडीत सामान भरलं की मागचा भाग खाली बसतो, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की मागचा भाग वर, म्हणून दाब कमी, नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होतील. ही रचना साधी आणि भरवशाची आहे. पण त्या व्हॉल्व्हला किलो कळत नाहीत, त्याला फक्त अंतर कळतं. तुम्ही गाडी ५० मिलिमीटर उचललीत की त्याच्या लेखी गाडी कायमची रिकामी झाली. मग पाच माणसं, छतावरचं कॅरियर आणि पाण्याचे कॅन घेऊन उतारावर ब्रेक दाबला, तरी मागच्या चाकांना रिकाम्या गाडीएवढाच दाब मिळतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. रिकाम्या गाडीत चाचणी घेतली तर यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

उपाय काय? लिफ्टइतका उंच एक छोटा कंस, किंवा लांबी जुळवता येणारी दांडी. लोखंडाचा एक तुकडा आणि दोन बोल्ट. तुमच्या किटमध्ये कंपनीच्या नावाचे चार स्टिकर असतात, त्यांतले दोन कमी केले तरी खर्च निघेल. कंस देता येत नसेल तर निदान एक ओळ छापा: 'मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह तपासा, दांडी लिफ्टइतकी जुळवा.'

ब्रेकच्या रबरी होजबद्दल तुम्ही सहसा लिहिता, पण 'होज ताणत नाही ना ते पाहा' एवढंच. कधी पाहायचं, तेही सांगायला हवं. गाडी चाकांवर उभी असताना होज नेहमीच सैल दिसतो. चॅसिसला घोडे (स्टँड) लावून अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळू द्या, मग एक बाजू जॅकने वर, दुसरी खाली, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. एबीएसची वायर आणि डिफरन्शियलचा ब्रीदर पाइपही तेव्हाच बघायचा. स्प्रिंग काढून अ‍ॅक्सल बंप स्टॉपपर्यंत (चाकाचा वरचा प्रवास थांबवणाऱ्या रबरापर्यंत) वर नेऊन पाहणं तर आणखी महत्त्वाचं, कारण तुमचे नवे शॉकअप लांब आहेत. बंप स्टॉप टेकायच्या आधी शॉकअपच पूर्ण मिटत असेल, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात अख्ख्या गाडीचा दणका शॉकअपच्या बुडाला आणि त्याच्या माउंटला बसतो. म्हणून शॉकअपची मिटलेली आणि उघडलेली लांबी मिलिमीटरमध्ये छापा. तुमच्या कारखान्यातल्या ड्रॉइंगवर ती असतेच.

आणि बुश. रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळला की कंसात पकडली जाते, बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकलेली असते, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं. आर्म हलतो तो रबराला पीळ देत. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळलेली, अशा स्थितीत बोल्ट शेवटचे आवळले तर रबराची 'शून्य' जागा तिथे ठरते. गाडी खाली उतरवली की ते रबर पिळलेल्या फडक्यासारखं कायम ताणात राहतं. काही दिवस गाडी अपेक्षेपेक्षा थोडी उंचही दिसते, कारण स्प्रिंगेसोबत बुशही तिला उचलून धरत असतात. मग ते फाटतात, गाडी खाली येते, आणि शिव्या तुमच्या स्प्रिंगेला पडतात. बोल्ट आधी हातानेच बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे हलवून बसू द्या, आणि मगच टॉर्क पान्याने आवळा. एवढ्या चार क्रिया पत्रकात लिहायला किती जागा लागते? उलट तुमच्या फोटोत तो बोल्ट आवळणारा माणूस दाखवला आहे, आणि मागे चाक हवेत लटकतंय!

जुन्या गाडीत या बोल्टांची आणखी एक खोड असते. वर्षानुवर्षांच्या गंजाने बोल्ट बुशच्या आतल्या नळीत जाम होतो. पाना लावला की बोल्टबरोबर नळीही फिरते आणि रबर फाटतं, पण बोल्ट काही बाहेर येत नाही. शेवटी कापूनच काढावा लागतो. म्हणजे 'चार तासांत बसतं' असं लिहिलेलं किट बसवायला घेतलं आणि दुपारी गाडी एका बाजूने उघडी, बोल्ट कापलेला, आणि तसा बोल्ट जवळपास कुठे मिळत नाही. कामाआधी काही दिवस तेल मारून ठेवा, अमुक मापाचे बोल्ट आणि बुश आधीच आणून ठेवा, असं सांगणारी यादी किटसोबत असायला हवी. पाट्यांच्या गाडीला नवे यू-बोल्ट तर किटमध्येच हवेत. एकदा ताणून आवळलेले यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, आणि नवे घातल्यावरही थोडं चालवून पुन्हा टॉर्क तपासावा लागतो. अनेक किटांत ते नसतात. पुढचा अ‍ॅक्सल आणि पाट्या यांच्यामध्ये घालायचे उंची वाढवणारे ठोकळे मात्र मी विकायला ठेवलेले पाहिले आहेत. ते विकणं बंदच करा, त्यावर चर्चा नको.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांबद्दल थोडक्यात. टॉर्शन बारचा (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) बोल्ट फिरवून गाडी उचलली म्हणजे बार कडक होत नाही, त्याचा रेट तोच राहतो. चाकाचा खाली जाण्याचा प्रवास मात्र संपतो, वरचा आर्म रिबाउंड स्टॉपवर येऊन टेकतो, आणि मालकाला वाटतं सस्पेन्शन 'हेवी' झालं. कॉइलवर बसणाऱ्या स्पेसरचंही असंच: एक इंचाचा स्पेसर चाकाशी साधारण दोन इंच होतो, कारण स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) आर्मच्या मध्यात कुठेतरी बसलेला असतो. हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तरी खोक्यावर कधी स्पेसरची जाडी छापता, कधी चाकाशी मिळणारी लिफ्ट. एकच काहीतरी ठरवा. सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट किती कोनापर्यंत सुरक्षित चालतात, तेही त्या गाडीपुरतं लिहा.

जाहिरातींबद्दलही बोलायला हवं. 'ग्राउंड क्लिअरन्स दोन इंचांनी वाढवा' हे सलग अ‍ॅक्सलच्या गाडीबाबत खरं नाही. स्प्रिंग बदलल्याने अ‍ॅक्सल वर जात नाही, अ‍ॅक्सलच्या वरचं सगळं वर जातं. दगडावर आधी आपटणारा डिफरन्शियल होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठे हवेत, आणि व्यास दोन इंच वाढला तर तो एक इंच वर जातो. लिफ्टने बंपरपुढचा चढाईचा कोन वाढतो, पोटाखालची जागा वाढते, मोठ्या टायरला हलायला वाव मिळतो. हे फायदे काही थोडे नाहीत. मग खोटा फायदा का सांगता? आणि मोठ्या टायरची बाजूही सांगा: २९ इंचांवरून ३१ वर गेलात तर स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी सुमारे १०७ ने पळत असते.

उलटण्याचा धोका हा तर तुमच्या पत्रकातला सगळ्यांत बारीक टाइप. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर (ट्रॅक) भागिले गुरुत्वकेंद्राच्या उंचीची दुप्पट, हा स्थिरतेचा साधा मापक आहे. अमेरिकेतली वाहन-सुरक्षा यंत्रणाही उलटण्याचं रेटिंग देताना तो वापरते. १५०० मिलिमीटर ट्रॅक आणि ७०० मिलिमीटर गुरुत्वकेंद्र असेल तर तो १.०७ येतो. लिफ्टने गुरुत्वकेंद्र ४० मिलिमीटर वर गेलं (५० नाही, कारण अ‍ॅक्सल आणि चाकं जागेवर राहतात) तर १.०१. वर छतावर तंबू आणि दोन डबे इंधन ठेवलं की तेवढंही उरत नाही. मला लिफ्ट हवीच आहे, माझ्या गाडीला ती आहेही. म्हणूनच हा आकडा मला माहीत हवा, आणि तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकालाही.

तेव्हा मागणी अशी, की प्रत्येक किटमध्ये त्या विशिष्ट गाडीपुरतं एक पान असावं. त्यावर हबपासून मडगार्डपर्यंतची फॅक्टरीची आणि अपेक्षित उंची, गृहीत धरलेलं वजन, स्प्रिंगचा रेट, शॉकअपच्या दोन्ही लांब्या, लिफ्टनंतर अपेक्षित कॅस्टर, आणि त्यासाठी लागणारा सुटा भाग किटमध्ये आहे की नाही हे लिहिलेलं असावं. ब्रेकचा व्हॉल्व्ह, बंप स्टॉप, होज, अँटी-रोल बारच्या लिंक यांपैकी काय बदलायला लागतं तेही. हे सगळं तुमच्या डिझायनरच्या संगणकात पडलेलं आहे. दहा-बारा आकड्यांच्या या पानाने किट महाग होणार नाही. काही गिऱ्हाइकं ते वाचून लहान लिफ्ट घेतील, एवढाच तुमचा तोटा.

पत्रकाच्या शेवटी तुम्ही छापता, 'किट प्रशिक्षित मेकॅनिककडूनच बसवून घ्यावे.' कबूल. पण प्रशिक्षित मेकॅनिकसुद्धा हे आकडे अंदाजाने सांगू शकत नाही. तो तुमचंच पत्रक उघडून बघतो, आणि त्यात त्याला ते चार फोटो सापडतात.

आपला,
जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हचा एक मालक